आडव्या बाटलीचा दिवस

पहाटे 4.45

खुटबावात रविवार असा वेगळा उजाडत नाही. कांदा काढणीला आलेला असतो, गुऱ्हाळाच्या चुलवाणावर पहिली काहील चढलेली असते, आणि पुण्याकडे जाणारी पहाटेची गाडी गाठायला निघालेल्या पोरांच्या मोटारसायकली स्टेशनाच्या रस्त्यानं धडधडत असतात. मला आज शाळा नाही, पण ड्यूटी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला मतदान नवं नसतं. मात्र आजच्या मतपत्रिकेवर माणसाचं नाव नाही. दोन चित्रं आहेत. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. मतदार सगळ्या बायका. आडवी जिंकली तर गावातलं देशी दारूचं दुकान बंद.

मी डबा भरत होते तोवर सासूबाई उठल्या. "आज कुणाला निवडून आणायला चाललीस?"

"आज कुणाला आणायचं नाही, पाडायचंय," मी म्हटलं.

ज्या गावात ड्यूटी आहे त्याचं नाव इथं लिहीत नाही. भीमेकाठचं आहे एवढं पुरे. मतदान एका दिवसात संपतं. दुकानबंदीच्या अर्जावर सही करणारीला आणि दुकानात नोकरी करणाऱ्यालाही पुढं त्याच गावात राहायचं असतं.

सकाळी 6

खुटबावातून उत्तरेकडं निघालं की स्कूटी उसातून चालते. काही शेतांना खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, नदीकडच्या शेतांना उपशाचं. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तिथून पुढं अलीकडचा काठ दौंड तालुक्याचा, पलीकडचा शिरूरचा. पुण्याचं सांडपाणीही याच वाटेनं येतं. उन्हाळा जवळ आला की जलपर्णीखाली पाणी दिसत नाही, वास तेवढा येतो.

या उसाची एक फेरी असते. ऊस कारखान्यात जातो, साखर निघते, खाली मळी राहते. मळी आंबवून स्पिरिट काढतात. त्यात पाणी आणि संत्र्याचा वास घातला की देशी तयार. मग ती 180 आणि 90 मिलिलिटरच्या बाटल्यांत बसून, ज्या गावातून ऊस गेला त्याच गावात परत येते. उसाचं बिल यायला महिने लागतात. हिचे पैसे रोख.

दुकान नदीच्या उतारावर आहे, जुन्या होडीच्या वाटेला. पूल व्हायच्या आधी पलीकडं जाणारी माणसं होडीची वाट बघत इथंच टेकायची. दगडी जोतं, वर पत्रा, पुढं लांबलचक ओटा. आज मतदानामुळं कोरडा दिवस, म्हणून दाराला कुलूप आहे. पाटीवर परवाना क्रमांक आणि परवानाधारकाचं नाव. हा माणूस कसा दिसतो ते गावात कुणीच सांगू शकत नाही. गावाला माहीत आहे तो गल्ल्यावर बसणारा. त्याचं नाव नोकरनाम्यात असतं, म्हणजे परवानाधारकानं विक्रीसाठी नेमलेल्या नोकरांच्या यादीत. ही यादी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडं नोंदवावी लागते. पाटीवर एक, गल्ल्यावर दुसरा आणि पैसा लावणारा तिसराच, हे या धंद्यात नवं नाही.

सकाळी 7

शाळेच्या दोन खोल्यांत केंद्र. बाकं सरकवली, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, पेटी उघडून दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना रिकामी दाखवली आणि सील केली. एका बाजूला अर्जदार बचत गटाच्या दोघी, दुसऱ्या बाजूला दुकानाच्या वतीनं आलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. तो सगळ्यांना "नमस्कार ताई, नमस्कार मावशी" करत होता. भांडायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याची गरजही नव्हती, ते दुपारी कळलं.

केंद्राध्यक्ष साहेबांनी नियम वाचून दाखवला. आधार 25 मार्च 2008 चा शासनाचा आदेश. गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. मग खात्याचे अधिकारी येऊन एकेक सही पडताळून बघतात. ही पडताळणी मतदानापेक्षा अवघड. मतदान गुप्त असतं, अर्जावरची सही उघड. दारात सरकारी माणूस उभा, आत नवरा, आणि बाईनं म्हणायचं, "होय, ही सही माझीच." त्यातून निभावलं की जिल्हाधिकारी मतदान लावतात. गावच्या यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, तरच दुकान बंद.

यातला "यादीत जेवढ्या" हा भाग साहेबांनी दोनदा वाचला. अर्जदार बायकांतली एक हळूच म्हणाली, "पाठ आहे साहेब आम्हाला."

सकाळी 8

मतदान सुरू झालं. एरवी याच वेळेला दुकान उघडतं. देशीच्या दुकानाला गावाकडं सकाळी 8 ते रात्री 10 अशी मुभा. सकाळी आठला दारू कोण पितो, असा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. रांगेत पहिली उभी असलेली उत्तर देऊन गेली. "बाई, आमच्याकडं चहाच्या आधी पव्वा. हात थरथरायचे थांबले की मग खुरपं धरतो."

कायद्याप्रमाणं पिणाऱ्याकडंही परवाना लागतो. महाराष्ट्रात आजही दारूचा कारभार 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीच चालतो. दारू पिण्याला इथं बंदी आहे, आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून मिळालेली सूट. देशीसाठी एका दिवसाचा परवाना 2 रुपयांचा. त्याचं पुस्तक दुकानातच असतं. फाडून देताना मात्र मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

माझं काम शाई लावायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचं. पहिल्या तासात आल्या त्या बहुतेक साठीच्या पुढच्या. नऊवारीचा पदर डोक्यावरून, हातात मतदार चिठ्ठी, चिठ्ठीच्या घडीत तंबाखू. शिक्का कसा मारायचा ते समजावताना साहेब "ह्या चित्रावर नाही तर त्या चित्रावर" असं जपून म्हणत होते. एका आज्जीनं मोठ्यांदा विचारलं, "पडलेली बाटली कंची?" साहेब हसले नाहीत. "आज्जी, मोठ्यानं बोलायचं नाही." आज्जी म्हणाल्या, "आता ह्या वयात मी कुणाला भिऊ?"

सकाळी 10.30

रांग ओसरली. शेतावरच्या बायका सकाळी कामाला गेल्या त्या आता दुपारी येणार. मतदान करून गेलेल्या तिघीचौघी शाळेच्या आवाराबाहेर लिंबाखाली टेकल्या होत्या. पाणी प्यायला गेले तर मला बसवून घेतलं. दुकानाचा विषय निघाला आणि ऐंशीच्या घरातल्या एका आज्जीनं मालकांची वंशावळ सांगायला घेतली. घराण्याची सांगावी तशी.

"माझ्या सासूच्या टायमाला तिथं शिंदीचं दुकान. ओढ्याच्या कडंनं शिंदीची झाडं किती! झाडाला गाडगं बांधायचं तरी सरकारला पैसं."

हे खरं आहे. इंग्रज सरकारनं 1878 साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. रस काढायच्या एकेका झाडावर कर बसला आणि विक्रीचा हक्क लिलावात निघू लागला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू मोठ्या भट्टीतूनच उचलायची, असं धोरण आलं. पुण्याजवळ मुंढव्याला तशी एक भट्टी होती, याच मुळा-मुठेच्या काठी. ज्याची बोली चढी त्याला मक्ता. हा धंदा इलाख्यात मोठ्या प्रमाणावर पारशी मक्तेदारांच्या हाती होता. दारूवाला, पिठावाला, ताडीवाला ही आडनावं तिथलीच. मक्तेदार शहरात राही आणि गावच्या पिठ्यावर पोटभाडेकरू बसे. लिलावात ओतलेली रक्कम वर्षभरात वसूल करायची, तर जास्तीत जास्त पाजणं हाच मार्ग. सरकारलाही पुढच्या वर्षी आणखी चढी बोली हवीच असायची.

याला विरोध लवकर सुरू झाला. 1880 साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूच्या दुकानांना परवाने वाढत चालले म्हणून त्यांनी लेखी हरकत घेतली. नगरपालिका आरोग्यावर खर्च करते आणि ही दुकानं ते आरोग्य बिघडवतात, असा त्यांचा रोख. 1908 साली टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांपुढं निरोधनं झाली, स्वयंसेवक गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत. 1930 च्या चळवळीत गांधींनी हे काम मुद्दाम बायकांवर सोपवलं. म्हणजे आज शाळेत लागलेली रांग आभाळातून पडलेली नाही.

दुपारी 12.30

डबा खाल्ला. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. कोतवाल काकांनी ताक आणून दिलं. दोघा कर्मचाऱ्यांनी केंद्रावर बसायचं आणि दोघांनी जेवून यायचं, असं चाललं होतं.

आज्जींची गोष्ट तोवर दारूबंदीपर्यंत येऊन ठेपली होती. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. युद्ध आलं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ती ढिली पडली. पुढं 1949 चा कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी आली. मोरारजी देसाईंचा तो आग्रह. शिंदीचं दुकान गेलं, मक्ता गेला, जोत्यावर बकऱ्या बसायला लागल्या.

"मग गावातली दारू बंद झाली?" मी विचारलं.

बायका एकदम हसल्या. "बंद? तवाच तर घरोघर झाली."

हातभट्टीची कृती त्यांनी भाजी सांगावी तशी सांगितली. काळा गूळ, नवसागर, पाणी. मडक्यात भरून तोंड बांधायचं आणि नदीच्या वाळूत पुरायचं. चार-पाच दिवसांनी रसायन तयार झालं की रात्री बाभळीच्या आडोशाला भट्टी लावायची. नदीकाठ सोयीचा, कारण गार करायला पाणी हाताशी, लपायला झाडी, आणि पोलीस आले तर पलीकडचा काठ दुसऱ्या तालुक्याचा. माल मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून पोटाला बांधून नेत. गूळ तर आमच्या भागात गुऱ्हाळागणिक, त्याचा तुटवडा कसला? त्या काळात दुकानाला पाटी नव्हती, परवाना नव्हता. मालक मात्र होता आणि त्याचा हप्ताही ठरलेला होता.

या दारूनं माणसं मेली, आजही मरतात. 2015 च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त जीव घेतले. दुकानवाल्यांचा आवडता मुद्दा हाच: आमचं बंद केलंत तर लोक हातभट्टी पितील. मुद्दा खोटा नाही. त्यावर आज्जी म्हणाल्या, "म्हंजी एक साप घरात ठिवायचा, का तर दुसरा येतोय?"

सरकारनं 1960 च्या दशकात बंदी सैल करायला घेतली आणि 1973 साली देशी दारूचे नियम करून परवान्याची दुकानं आणली. जुन्या जोत्यावर पत्रा चढला तो तेव्हा. पहिला परवानाधारक तालुक्याच्या गावचा. मग त्याचे वारस, मग भागीदारी, मग नावात बदल, मग शहरातला कुणी. गल्ल्यावरची माणसं तर दर दोन-तीन वर्षांनी नवी. 1970 च्या दशकानंतर राज्यानं असे नवे परवाने देणं जवळजवळ थांबवलं, त्यामुळं जुन्या कागदाला सोन्याचा भाव आला. जागा पडकी असली तरी चालेल, कागद जिवंत पाहिजे.

लिंबाखाली ही यादी ऐकताना माझ्या डोक्यात एकच हिशेब जुळत गेला. मक्तेदार, पोटभाडेकरू, परवानाधारक, भागीदार, नोकर हे सगळे भाडेकरू. बंदीची वर्षं सोडली तर दीडशे वर्षं या दुकानाचा घरमालक एकच, सरकारी तिजोरी. 2022-23 या एका वर्षात उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत एकवीस हजार कोटींहून जास्त आले. इतका नियमित भाडं देणारा भाडेकरू कोण आपणहून काढतो? 2008 च्या आदेशानं गावच्या बायकांना नोटीस द्यायचा अधिकार दिला. मात्र नोटिशीत बारीक अक्षरातली अटही घातली.

दुपारी 2.30

ऊन वाढलं आणि केंद्र सुनं पडलं. आता ती अट दिसायला लागली.

माझ्यासमोर यादीची प्रत. मतदान झालेल्या नावांवर रेघ. रेघा नसलेल्यांकडं नजर टाकली की गाव वाचता येतं. एक नाव लग्न होऊन बारामतीला गेलेलं, यादीत माहेरीच राहिलेलं. दोघी बहिणी पुण्यात नर्सिंगला. एक बाळंतपणाला आईकडं. तिघींची नावं वारल्यानंतरही वगळायची राहून गेलेली. एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली. आणि कित्येक जणी दुसऱ्याच्या रानात कांदा काढणीला, कारण आजची हजेरी बुडवून त्यांना चालणार नव्हतं.

समजा यादीत 1,600 बायका आहेत. आडव्या बाटलीला 801 मतं हवीत. 900 जणी मतदानाला आल्या आणि त्यातल्या 780 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान सुरूच राहतं. उभ्या बाटलीला 120 मतं पडून ती जिंकते. जी आली नाही, जी गावात नाही, जी या जगातच नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला.

इस्त्रीच्या शर्टातला तरुण म्हणूनच निवांत होता. त्याला कुणाचं मन वळवायचं नव्हतं. बायका घरी राहिल्या की त्याचं काम झालं. दुपारी बातमी आली की वाडीवरच्या पंधरा-वीस जणींना कुणीतरी गाडी करून जेजुरी-मोरगावला नेलंय. देवदर्शन फुकट, जेवण फुकट. कुणी नेलं ते कुणी सांगेना. तक्रार लेखी द्या, म्हणून साहेबांनी कागद पुढं केला. बचत गटातली एक म्हणाली, "देवाला गेल्या त्यांच्याबद्दल काय लिहायचं साहेब? येताना भंडारा आणतील, लावून घेऊ."

तक्रार नोंदवायच्या ऐवजी त्या दोघी फोन घेऊन बाहेर बसल्या. एकीनं कांद्याच्या शेतमालकाला फोन लावला. "दादा, बायकांना तासभर सोडा. हजेरी कापू नका, तेवढं आम्ही बघतो." दुसरीनं बारामतीच्या लेकीच्या सासूला लावला. त्या फोनवर तिनं दारूचं नावही काढलं नाही. "सुनंला आज माहेरी धाडा, जेवायला." बस्स.

दुपारी 4

पिकअप गाडी आली, हौद्यात कांद्याच्या बायका. चेहऱ्याला बांधलेली फडकी तशीच, हाताला मातीचा नि कांद्याचा वास. बोट पुसल्याशिवाय शाई धरेना, म्हणून कोतवाल काकांनी बादली आणली. पाठोपाठ मोटारसायकलींवरून लेकी उतरल्या. एकीच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर. ते पोर पेटीकडं बघून हात मारत होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला नातवानं खुर्चीसकट उचलून आणलं. तो नातू स्वतः दुकानाचा गिऱ्हाईक, असं मागून कुणी तरी कुजबुजलं. म्हातारी आत गेली. तो बाहेर मान खाली घालून उभा राहिला, आणि नंतर तिला तशीच उचलून घेऊन गेला.

याच गर्दीत एकीनं मला सांगितलं की अर्जाची सुरुवात कशी झाली. सुप्रीम कोर्टानं 15 डिसेंबर 2016 ला निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. लहान गावांसाठी हे अंतर पुढं 220 मीटर झालं. 1 एप्रिल 2017 पासून सोलापूर रस्त्यावरची दुकानं आणि परमिट रूम धडाधड बंद झाले. रस्त्यावरचे गिऱ्हाईक आत वळले. "आधी आमचेच पीत होते. मग ट्रकवाले यायला लागले, नदीवर धुणं धुवायला जायची चोरी झाली." कोर्टानं पुढं सूट देत गावंही राज्य सरकारच्या मर्जीवर सोडली आणि महामार्गावरची दुकानं परत आली. गावातली गर्दी मात्र पुरती परत गेली नाही.

संध्याकाळी 5

फाटक लावलं. आवारात उभ्या असलेल्यांना शेवटून चिठ्ठ्या वाटल्या. जेजुरीची गाडी पावणेपाचला पोचली होती. कपाळाला भंडारा लावलेल्या बायका उतरल्या त्या सरळ रांगेत. इस्त्रीच्या शर्टातला तरुण पहिल्यांदाच फोन कानाला लावून कोपऱ्यात गेला.

संध्याकाळी 6.30

मोजणी त्याच खोलीत, फळ्यासमोर. फळ्यावर माझ्या सहकाऱ्याची पाढ्यांची रांग होती. तिच्या बाजूला साहेबांनी खडूनं तीन रकाने आखले: उभी, आडवी, बाद. मतपत्रिका उलगडायची, दोघांना दाखवायची, गठ्ठ्यात ठेवायची. आडवीचा गठ्ठा पहिल्या दहा मिनिटांतच उभीच्या कितीतरी पुढं गेला, पण खोलीत कुणी आनंदलं नाही. सगळ्यांची लढत उभ्या बाटलीशी नव्हतीच. फळ्याच्या कोपऱ्यात साहेबांनी एक आकडा गोल करून ठेवला होता, यादीच्या निम्म्याहून एक जास्त. तिथं पोचायचं होतं.

शेवटच्या गठ्ठ्यात आकडा ओलांडला गेला, तोही फार मोठ्या फरकानं नाही. बाहेर कळल्यावर आधी काही क्षण कुणाचा विश्वास बसला नाही, मग एकच गलका. कुणीतरी कुंकू उधळलं. तरुणानं निमूटपणे कागदावर सही केली आणि जाताना मला म्हणाला, "मॅडम, मी पण नोकरच आहे हो. सोमवारपासून बघायचं काय ते."

संध्याकाळी 7.30

फाटकाशी बायकांनी साहेबांना घेरलं. "म्हंजी उद्यापासून बंद ना?"

साहेबांनी खरं ते सांगितलं. निकाल आज तहसीलला जाईल, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात. आदेश निघाल्यावर खात्याचे लोक येऊन सील करतील. दुकानदाराला दाद मागायचा हक्क आहे. तोवर कायद्यानं उद्या सकाळी आठला दुकान उघडू शकतं.

क्षणभर शांतता. मग सकाळच्या आज्जी म्हणाल्या, "उघडू दे की. आठाच्या आधी आम्ही त्याच्या वट्यावर निवडाटिपायला बसतो. भाजी निवडायला बंदी हाय का?" साहेबांनी बंदी नसल्याचं सांगितलं.

बाजूला उभ्या असलेल्या एका गड्यानं तोंड उघडलं. "बंद करून काय व्हणार? नदीपल्याड जातील."

हाही मुद्दा खोटा नाही. मतदान गावापुरतं असतं आणि पलीकडच्या काठाला वेगळा तालुका. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली तेव्हा पिणारे वर्धा नदी ओलांडून यवतमाळच्या बाजूला जात. 2021 साली सरकारनं ती बंदीच उठवली. दुसऱ्या बाजूला निघोजही आहे. शिरूरच्या सीमेवर, कुकडी नदीच्या रांजणखळग्यांसाठी ओळखलं जाणारं पारनेर तालुक्यातलं ते गाव. तिथल्या बायकांनी 2016 साली असाच आडव्या बाटलीला कौल दिला. इथल्या बायका अर्ज लिहिताना त्याच गावाचं नाव घेत होत्या.

गड्याला उत्तर देणारी कांद्याच्या रानातून आलेली होती. "जाऊ देत पल्याड. दोन कोस चालत जायचं आन् दोन कोस चालत यायचं. घरी येस्तोवर निम्मी उतरल, आन् पैसं संपल्यावर रोज कोण चालतंय?"

रात्री 9.15

दौंडला तहसील कचेरीत पेटी, यादी आणि पाकिटं जमा केली. पाकीट चार वेळा तपासलं जातं, पावती एकदा मिळते. कारकुनानं बोलता बोलता सांगितलं की परवाना असा सहज मरत नाही. मालक तो दुसऱ्या जागी हलवायचा अर्ज करतो. चंद्रपूरच्या बंदीत कित्येकांनी परवाने दुसऱ्या जिल्ह्यांत नेले. म्हणजे आज एका गावानं भाडेकरू काढला आणि घरमालकाला त्याच्यासाठी दुसरी जागा शोधायला मोकळीक राहिली.

बायकांनी आज काही कमी केलं असं यातून निघत नाही. दुसऱ्या गावातही शाळा असेल, यादी असेल, बचत गट असेल. पण त्या गावानंही हीच अट पार करायची आणि तिथंही मेलेल्या बायकांची मतं उभ्या बाटलीला जायची, हे मला पटत नाही. यादी दुरुस्त ठेवणं सरकारचं काम. ते झालं नाही तर त्याची किंमत दुकानानं मोजायला हवी, ती बायका मोजतात. लोकसभेला पडलेल्या मतांत जो पुढं तो निवडून येतो. यादीतल्या निम्म्या मतदारांनी त्याला मत दिलं का, असं कुणी विचारत नाही. देश चालवणारा माणूस निवडायला जे गणित पुरतं, तेच गावातलं एक पत्र्याचं दुकान बंद करायलाही पुरायला हवं.